मोरिओकाला गाडी दोन होते

६ ऑक्टोबर, रविवार

आजपासून रोज लिहिणार. घडामोडच तशी आहे.

मिनोरीचा आकिताहून फोन. लग्न करतेय म्हणाली. मुलगा तिथलाच, तोगाशी कात्सुकी. दोघं एकाच साकेच्या कारखान्यात कामाला. त्याच्या वडलांचं सलून आहे. दोन्हीकडच्या माणसांनी एकदा एकत्र बसून जेवायचं ठरलंय. १० नोव्हेंबरला, दुपारी, आकितात.

योशिए फोन ठेवून डोळे पुसायला लागली. मलाही भरून आलं. म्हणालो, “म्हणजे ई-सिक्स!”

योशिएने विचारलं, मुलाला घरी असं म्हणतात का.

एवढी वर्षं माझ्याबरोबर संसार करून बाईला ई-सिक्स माहीत नाही. सांगावं लागलं: आकिताला जाणारी ती लाल गाडी, कोमाची. तिचं मॉडेल ई-सिक्स. “हो का,” म्हणाली आणि पुन्हा रडायला लागली.

ठराव: महिन्याभरात योशिएला तयार करायचं.

९ ऑक्टोबर, बुधवार

जेवताना शिकवणी सुरू. पहिला धडा: तोक्योहून आपल्या ओमियाला येते ती एक गाडी नव्हे, दोन असतात. पुढे लाल कोमाची, मागे हिरवी हायाबुसा, नाकाला नाक लावून जोडलेल्या. मोरिओकाला जोड सुटतो. लाल आकिताला वळते, हिरवी सरळ आओमोरीकडे. एकीतून दुसरीत आतून जायला वाट नाही. बजावून सांगितलं, “डबा बघून चढायचं. नवखी माणसं इथेच फसतात.”

योशिए म्हणाली, मासा गार होतोय.

दुसरा धडा, सुखसोयी. ओसाकाच्या लाईनवर नवीन एन-सातशे-एस, तिच्यात प्रत्येक सीटच्या हाताखाली चार्जिंगचा प्लग. पाठ मागे टेकली की बूडही थोडं खाली जातं, अंग पुढे घसरत नाही. कानाझावाच्या ई-सेव्हनमध्येही सगळ्यांना प्लग. आपल्या ई-सिक्समध्ये मात्र खिडकीवाल्यालाच. म्हणून खिडकीत मी बसणार. फोटो मला काढायचेत, बॅटरी माझी उतरणार. उगाच कुणाला स्वार्थ वाटेल, पण हे साधं नियोजन आहे.

योशिएने मान हलवली. समजलं असावं.

१२ ऑक्टोबर, शनिवार

वस्तीच्या सभागृहात आमच्या रेल्वेप्रेमी मंडळात माझं भाषण. विषय ‘वेगवान गाड्यांतील आराम: काल आणि आज’. रंगलं. अगदी पहिल्या, गोल बोंडासारख्या नाकाच्या गाडीतला उभ्याउभ्या जेवायचा काउंटर आणि भिंतीवरचा वेग दाखवणारा काटा. मग दुमजली डब्यातलं डायनिंग. पाचशे नंबरच्या गाडीचं विमानासारखं गोल अंग, ज्यात खिडकीवाल्याचं डोकं कडेला लागतं. तिघांच्या रांगेत मधली सीट बोटभर जास्त रुंद असते, हे सांगितलं तेव्हा लोक ‘ओहो’ म्हणाले. हे मी स्वतः अनुभवलेलं आहे. कंपनीत असताना ओसाकाला जायचो ते कायम साहेबांच्या शेजारी, मधल्या सीटवर.

मग किताओकाबाईंनी हात वर केला. शाळेत मुख्याध्यापिका होत्या, अजून हात वर करूनच बोलतात. म्हणाल्या, “उकाई-सान, हायाबुसाच्या दहा नंबर डब्यात तो सगळ्यात महागडा ग्रानक्लास असतो ना, अठराच सीटांचा? तुम्ही बसलाय?”

म्हणालो, “बसलोय की.”

हे तोंडातून कसं गेलं कळलं नाही. पुढे विचारलं, कशी असते हो सीट? म्हणालो, “निळी. गडद निळी. ढगात बसल्यासारखं.” मग म्हणाल्या, फोटो दाखवाल? म्हणालो, पुढच्या महिन्यात आणतो.

घरी येताना जरा कसंसंच झालं. पण नीट विचार केला तर ते अगदीच खोटं नाही. ओमियाच्या प्लॅटफॉर्मवरून मी त्या डब्याच्या काचेतून बरेचदा आत बघितलंय. देह बसला नसेल, नजर बसलेली आहे.

खरं म्हणजे मी शिंकानसेनमध्ये बसून बरीच वर्षं झाली. अनुभव वेगळा, अभ्यास वेगळा.

२० ऑक्टोबर, रविवार

मिनोरीचा फोन. आधी आईशी बराच वेळ. मग मला मागितलं.

म्हणाली, “बाबा, एकच मागणं आहे. त्या दिवशी गाड्यांवर बोलू नका.”

मी म्हणालो, अगं, येणार गाडीनेच, तर विषय निघणारच.

“निघाला तर ‘प्रवास छान झाला’ म्हणा. एवढंच. मॉडेल नाही, नाकाची लांबी नाही, सीटचं कापड नाही. कात्सुकीच्या आई-बाबांना तुम्हा दोघांना बघायचंय. प्लीज.”

वचन दिलं. फोन ठेवल्यावर लागलं जरा. पोटच्या मुलीला बापाच्या अभ्यासाची लाज वाटावी! योशिएला म्हटलं. ती म्हणाली, “लाज नाही हो. तुम्ही सुरू झालात की दुसऱ्या कुणाला तोंड उघडता येत नाही, एवढंच.”

हे अतिशयोक्त आहे. मी तिला तसं सविस्तर समजावून सांगितलं. जेवण होईपर्यंत पटलं असावं, काही बोलली नाही.

ठराव: तीन पर्यायी विषय तयार ठेवायचे. भाताचं पीक. थंडी. केस.

२६ ऑक्टोबर, शनिवार

आरशासमोर सराव. “आकिताचा तांदूळ म्हणजे काय विचारता!” चांगलं जमतं. “यंदा थंडी लवकर पडली.” हेही ठीक. “आमच्याकडे केस...” इथे अडतं. माझ्या डोक्यावर त्या विषयाला वाव नाही.

कंटाळून मासिक उघडलं. ई-सिक्सच्या साध्या डब्यातल्या सीटा पिकलेल्या भाताच्या लोंब्यांच्या रंगाच्या असतात. म्हणजे भातावर बोलता बोलता सहज सीटवर येता येईल! वचनही मोडत नाही.

२ नोव्हेंबर, शनिवार

तिकिटं काढली. कोमाची, बारा नंबर डबा. योशिएने विचारलं बाराच का. म्हटलं, चांगला असतो. आता इथे खरं कारण लिहायला हरकत नाही: बारापासून दहा नंबर डबा जवळ. सेंदाईला गाडी जरा टेकते. पटकन उतरायचं, प्लॅटफॉर्मवरून मागे जायचं, ग्रानक्लासच्या दारात पाय टाकून एक फोटो, परत. किताओकाबाईंचं तोंड बंद.

योशिए म्हणाली, माझं तिकीट माझ्या पर्समध्ये ठेवते. म्हटलं, छे, तिकिटं एकाच खिशात असावीत. प्रवासात जबाबदारी विभागली की घोटाळे होतात.

१० नोव्हेंबर, रविवार, सकाळ, गाडीत

निघालो! योशिएने राखाडी किमोनो घातलाय, मांडीवर मिठाईचा डबा फुरोशिकीच्या रुमालात बांधून. छान दिसतेय. तसं म्हणायचं मनात होतं, पण तेवढ्यात सीटवरची उशी वर-खाली सरकवून दाखवायची होती.

ती खिडकीतून बाहेर बघायला वाकते आणि मी मध्ये येतो. एकदा म्हणाली, “या लाईनवर मी पहिल्यांदा आले ना, तेव्हा...” तेवढ्यात बोगदा आला आणि मी तिला कानात दडे बसू नयेत म्हणून डबा कसा हवाबंद असतो ते सांगितलं.

सेंदाई येतंय. तिला म्हटलं पाय मोकळे करून येतो. आता बघाच.

१० नोव्हेंबर, दुपार, हाचिनोहे स्टेशन, बाकावर

लिहू की नको असं झालंय. पण दुसरं काय करू? मोरिओकाकडे परत जाणारी गाडी यायला वेळ आहे.

सेंदाईला उतरलो. दहा नंबरच्या दारात पाय टाकला. दार ओलांडून दोन पावलं आत, कारण दारातून नुसता पडदा येत होता फोटोत. कॅमेरा लावतोय तोच मागे दार लागलं. गाडी सुटली.

घाबरलो नाही. मोरिओकाला जोड सोडायला गाडी थांबते, तिथे उतरून पुढच्या लाल गाडीत शिरायचं. अगदी सोपं. माझ्यासारख्या माणसाला तर फारच.

सेविका आली. वाकून विचारलं, “सेंदाईहून ना?” म्हणालो हो. खोटं नव्हतं, चढलो सेंदाईलाच. तिने एका रिकाम्या सीटकडे हात केला. नको म्हणणं उद्धटपणाचं दिसलं असतं.

सीट निळी नाही. सायीच्या रंगाची आहे.

तिने गरम टॉवेल दिला. मग छोटा डबा आणला: शिजवलेला कमळकंद, सामन माशाचा तुकडा, चेस्टनटचा भात. सफरचंदाची दारू, बुडबुड्यांची. अभ्यास म्हणून घेतलं. एक बटण दाबलं तर पाय वर आले. दुसरं दाबलं, पाठ मागे गेली. तिसरं कसलं ते कळायच्या आत डोक्याच्या उशीची चाचणी घ्यायला मी डोळे मिटले.

जागा झालो तेव्हा अंगावर पांघरूण होतं. बाहेर मघाशी नव्हते ते डोंगर होते. समोरच्या रांगेतल्या सीटवर काठी टेकून एक म्हातारी बसली होती आणि माझ्याकडे बघत होती, नातवाला ताप आला की बघतात तसं.

“उठलास का रे बाबा,” म्हणाली. “ती पोरगी तुला उठवत होती. मी म्हटलं असू दे, दमलेला दिसतोय. मोरिओका गेलं.”

मी झोपलो होतो ती सीट तिची होती. गाडी सुटता सुटता ती सेंदाईला शेवटच्या डब्यात चढली आणि काठी टेकत टेकत सगळी गाडी चालत आली. मुलाने ऐंशीव्या वाढदिवसाला काढून दिलेलं तिकीट. जन्मात पहिल्यांदा ग्रानक्लास. येऊन बघते तर तिच्या सीटवर मी, घोरत. सेविका रडकुंडीला आलेली. म्हातारीनेच तिला समजावलं आणि समोरच्या रिकाम्या सीटवर बसली.

डबा मी खाल्ला होता.

पाठ सरळ करायला बटण दाबलं तर पाय अजून वर गेले. तसाच, पाय वर असताना, मान जमेल तेवढी वाकवून माफी मागितली. सगळं सांगितलं. का सांगितलं माहीत नाही, तिने नुसतं “कुठे निघालास?” एवढंच विचारलं होतं.

ऐकून घेतलं तिने. मग म्हणाली, “म्हणजे लेकीच्या सोयरिकीला निघालास, बायकोला पुढच्या गाडीत सोडलंस, आणि माझा डबा खाऊन झोपलास.”

एवढं थोडक्यात मला सांगता आलं नव्हतं.

“डब्याचं काही नाही,” म्हणाली, “तसंही मला चेस्टनट चावत नाहीत. बायकोला फोन केलास का?”

फोन बघितला. आवाज बंद. तिचे एवढे कॉल येऊन गेलेले की बघवेना.

हाचिनोहेला तीही उतरली. तिला घ्यायला मुलगा आला होता. “कसा होता गं ग्रानक्लास, आई?” म्हणून त्याने विचारलं. “फार छान,” म्हातारी म्हणाली, “आपलं माणूस भेटलं गप्पा मारायला.” मी खांबामागे उभा होतो.

तिकीट तपासनिसाने सगळं ऐकून घेऊन परतीच्या गाडीचा कागद करून दिला. एक शब्द वाकडा बोलला नाही. ओरडला असता तर बरं वाटलं असतं.

१० नोव्हेंबर, तिथेच, थोड्या वेळाने

योशिएला फोन करायला धीर होईना. आधी मिनोरीला केला. म्हणालो, रुळावर अस्वल आलं, गाडी उभी आहे, उशीर होईल. आकिताकडे अस्वलं फार, पटण्यासारखं आहे. ती “बरं” म्हणाली. मग योशिएला मेसेज: ‘मी सुखरूप. काळजी नसावी. गाडीला उशीर झाला असं सांग. अस्वल.’

उत्तर नाही.

आत्ता खिशात हात घातला. दोन्ही तिकिटं माझ्याकडे आहेत.

१० नोव्हेंबर, संध्याकाळ, कोमाचीत

लाल गाडी. लोंब्यांच्या रंगाच्या सीटा. बघाव्याशा वाटल्या नाहीत.

ओमागारीला गाडीची दिशा बदलते. तिथून आकितापर्यंत सगळे उलट्या तोंडाने जातात. हे मला माहीत होतं, योशिएला सांगायचं राहिलं. कापलेली भातशेतं माझ्यापासून लांब लांब जात होती. कुठे पोहोचतोय ते दिसत नाही, कुठून निघालो तेवढंच दिसतं. मला सोयीचं नव्हतं ते.

ठराव: उतरल्यावर आधी खरं सांगायचं. अस्वलाचं मागे घ्यायचं.

११ नोव्हेंबर, सोमवार, आकिता, हॉटेलात

खरं सांगायची गरज पडली नाही. सगळ्यांना माहीत होतं.

गेटबाहेर एक ठेंगणा माणूस टोपी हातात घेऊन उभा. केस पांढरे, पण कापलेले कसे, वा. “व्याहीबुवा ना? मी तोगाशी. चला, गाडी बाहेर आहे. जेवला नसाल, रस्सा गरम करून ठेवलाय.”

मी तिथेच वाकलो. म्हणालो, खरं सांगायचं तर ते अस्वल...

“हां, अस्वल!” आणि तो हसायलाच लागला. गाडी चालवता चालवता सांगितलं. दुपारी ते सगळे गेटवर उभे. कोमाची मिनिटाचाही उशीर न होता आली. योशिए उतरली, तिकीट नाही. मिनोरीने विचारलं, आई, अस्वलामुळे गाडी थांबली होती ना? गेटवरचा माणूस गोंधळला, आमच्याकडे तर अस्वलाची काही नोंद नाही म्हणाला. मग योशिएने सगळ्यांसमोर सांगून टाकलं: नवरा सेंदाईला फोटो काढायला उतरला तो मागच्या गाडीत राहिला, तिकिटं त्याच्या खिशात, आणि महिनाभर तो मलाच बजावत होता की डबा बघून चढ.

“आणि एवढं बोलून विहीणबाई जे हसायला लागल्या,” व्याही म्हणाले, “अहो, किमोनोसकट मिठाईच्या डब्यावर बसल्या. आमची ही पण हसतेय, गेटवाला पण हसतोय. म्हटलं झालं, ओळख झाली. मला तर सकाळपासून धास्ती होती, ओमियाची शहरी माणसं, काय बोलायचं त्यांच्याशी.”

मी म्हणालो, यंदा थंडी लवकर पडली.

“पडली,” ते म्हणाले.

हॉटेलातलं जेवण केव्हाच आटोपलं होतं. सगळे त्यांच्या घरी, सलूनच्या मागच्या खोलीत, कोतात्सूच्या, म्हणजे खाली शेगडी असलेल्या बैठ्या मेजाच्या, रजईत पाय घालून. दारातून आवाज ऐकला. बाईमाणूस कुणीतरी मोठ्याने गोष्ट सांगत होतं, मध्येच हसत होतं, बाकीचे “मग? मग?” करत होते. मला वाटलं कात्सुकीची आई. दार सरकवलं तर योशिए. गाल लाल, हात हवेत.

मला बघितलं आणि हात खाली आला. “आलात,” म्हणाली. गोष्ट तिथेच थांबली. कुणी पुढे विचारलं नाही.

मला बसवलं. कोंबडीच्या रश्शात भाताच्या भाजलेल्या कांड्या, वर धुरावलेल्या मुळ्याचं लोणचं. सगळे माझ्याशी गोड बोलत होते. मी ‘प्रवास छान झाला’ म्हणालो. त्यावर कात्सुकीला ठसका लागला. बाकी मी एक शब्द बोललो नाही.

मिनोरी मला सलूनमध्ये घेऊन गेली, चहा देते म्हणून. दोघं त्या फिरत्या खुर्च्यांवर बसलो. मी म्हटलं, रागव.

“नाही रागावले.”

म्हटलं, तुझी लाज घालवली.

“बाबा,” म्हणाली, “आई आज बोलली. दुपारपासून बोलतेय. लहानपणचं, तिच्या वडलांचं, कारखान्यातल्या मैत्रिणींचं. मी तिची मुलगी, मला यातलं काही माहीत नव्हतं.” मग चहा ढवळत बसली. “तुम्ही वेळेवर आला असतात तर...”

वाक्य पुरं केलं नाही. माझी मुलगी दयाळू आहे, आईवर गेलीय.

थोड्या वेळाने म्हणाली, “आणि गाड्यांबद्दल बोलला नाहीत. शब्द पाळलात.”

आरशात आम्ही दोघं दिसत होतो. मी खाली बघितलं.

१२ नोव्हेंबर, मंगळवार, घरी

परत आलो. येताना खिडकीत योशिए. मी म्हटलं बस. तिने विचारलं, प्लग? म्हटलं फोन बंदच ठेवलाय.

सबंध वाटेत ती बाहेर बघत होती. मी तिच्याकडे. तिच्या कानामागे एक तीळ आहे. होता का आधी?

विचारायचं होतं, त्या दिवशी काय सांगत होतीस. तीनदा तोंड उघडलं. तिन्ही वेळा तिला वाटलं मी गाडीबद्दल सांगणार. मान हलवायच्या तयारीत माझ्याकडे वळली. मी तोंड मिटलं.

१६ नोव्हेंबर, शनिवार

मंडळात गेलो. धीर करून उभा राहिलो. म्हणालो, ग्रानक्लासमध्ये मी तोवर कधी बसलोच नव्हतो. खोटं बोललो होतो. आता बसलो, पण दुसऱ्याच्या सीटवर. फोटोत माझा अंगठा आलाय.

वाटलं होतं, सन्नाटा पसरेल. किताओकाबाईंनी हात वर केला.

“उकाई-सान, ते आम्हाला त्याच दिवशी कळलं होतं. तुम्ही सीट निळी सांगितलीत. मी दोनदा बसलेय.”

विचारलं, मग बोलला का नाहीत?

“तुम्ही थांबलाच नाहीत,” त्या म्हणाल्या.

सगळे मान हलवत होते. नेहमी हलवतात तशीच. माझं भाषण रंगायचं तेव्हा हलवायचे तशीच.

घरी येऊन योशिएला सांगणार होतो. ती फोनवर होती, आकिताच्या विहीणबाईंशी. दारात बूट काढता काढता थांबलो. हसणं ऐकू येत होतं. मला हसत असतील तर हरकत नाही असं मनाशी म्हटलं. मग थोडं ऐकलं. माझा विषयच नव्हता.

१७ नोव्हेंबर, रविवार

आज ठरवूनच बसलो. योशिए अंगणाच्या पायरीवर काकीच्या झाडाची केशरी फळं सोलत होती, सुकवायला टांगतात ती. मी शेजारी बसलो. म्हणालो, आकितात तू जे सांगितलंस ते मला पण सांग.

तिने बघितलं. “खरंच ऐकायचंय?”

म्हटलं हो.

“मध्ये बोलणार नाही?”

शब्द दिला. मुलीला दिला होता तो पाळलाय, तिलाही माहीत आहे.

मग सुरी चालू ठेवून बोलायला लागली. ती अठराची. ओमियाच्या शिलाई कारखान्यात नोकरी मिळाली होती. वसंतात कितामीच्या घरून निघाली... कितामी नव्हे, किताकामी. बघा, बायकोचं गावसुद्धा माझ्या हातून धड लिहिलं जात नाही. शिंकानसेन नवीनच सुरू झालेली, पांढरट गाडी, हिरवा पट्टा. वडील पोहोचवायला प्लॅटफॉर्मवर आले. शेतातले कपडे बदलून आले होते, पण बूट तेच. बोलणारा माणूस नव्हे तो. डब्यात चढली तर तिची सीट नेमकी उलट्या तोंडाची. “मला एवढं वाईट वाटलं,” म्हणाली, “सगळ्या जगाला पुढचं दिसणार आणि मला...”

“ती दोनशे नंबरची,” मी म्हणालो.

कसं निघालं कळलं नाही. “पहिल्या गाड्यांत तिघांची सीट फिरवायला जागाच पुरायची नाही. म्हणून अर्ध्या डब्याची तोंडं पुढे, अर्ध्याची मागे, कायमची ठोकलेली. पुढे सीटची पाठ पातळ केली, मग फिरायला लागली.” अजूनही काही सांगितलं. दोघांच्या सीटचं. कापडाचं. वाक्यं सुरेख जमत होती.

थांबलो तेव्हा तिचं फळ सोलून झालं होतं. साल तुटू न देता सोलते ती. लांबच लांब साल पातेल्यात पडली.

म्हणालो, हं, पुढे?

“पुढे काही नाही,” योशिए म्हणाली. “ओमियाला आले.” आणि फळं उचलून दोरीकडे गेली.

मी पायरीवर बसून राहिलो. ऊन चांगलं होतं. बऱ्याच वेळाने डोक्यात आलं: उलट्या तोंडाची सीट. म्हणजे गाडी सुटताना तिच्यासमोर प्लॅटफॉर्म. म्हणजे तिचे वडील. ते आमच्या लग्नाआधीच गेले, मी त्यांना कधी बघितलं नाही.

उठून तिच्याजवळ गेलो. विचारलं, ते दिसत होते का गं? किती वेळ दिसत होते?

ती चवड्यांवर उभी राहून दोरीला गाठ मारत होती. म्हणाली, “जरा सरका ना. तुमची सावली पडतेय, गाठ दिसत नाहीये.”

सरकलो.